मोठा कुत्रा बाथरूममध्ये पाऊलच टाकत नाही? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

घरोघरी जाऊन मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या आंघोळी घालणं हे माझं काम. फोनवरची तक्रार जवळपास ठरलेली असते. "ताई, आमचा लॅब मुळशीला नेला की पाण्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही, पण घरी बाथरूमचा दिवा लावला की थेट पलंगाखाली." पस्तीस किलोचा लॅब्राडॉर पलंगाखाली अर्धाच मावतो, उरलेला अर्धा बाहेर दिसत असतो, पण त्याचा स्वतःवर पूर्ण विश्वास असतो.

अशा कुत्र्याला पाण्याची भीती नसते. त्या खोलीतल्या कुठल्या तरी एका गोष्टीची असते. ती गोष्ट सापडेपर्यंत लाडीगोडी, चिकनचे तुकडे, दटावणी यातलं काहीही टिकत नाही. म्हणून आधी तो नेमका कुठे अडतो ते बघायचं.

लक्षणं: तो कोणत्या क्षणी बिथरतो?

टॉवेल किंवा शांपूची बाटली दिसताच पळाला, तर त्याला मागच्या आंघोळी आठवतायत. उंबरठ्यावर चारही पाय रोवून बसला, तर फरशी किंवा वास यापैकी काहीतरी नकोय. आत येतो, पण मागचे पाय फाकतात, नखं रुतवायला बघतो, भिंतीला अंग टेकवतो, तर तो घसरतोय. बादली भरायला लागली की कान पाडून दाराकडे जातो, तर आवाज. अंगावर पहिला मग पडताच उडी मारतो, ओल्या फरशीवर एकेक पाय उचलत राहतो किंवा नळाच्या बाजूला जातच नाही, तर पाण्याचं तापमान तपासा, आणि विजेचा भाग खाली लिहिलाय तो आधी वाचा. ठरावीक जागी हात लागला की मान वळवून हाताकडे बघतो, तर तिथे दुखतंय.

यापेक्षा बारीक खुणाही असतात: झोप नसताना जांभया, ओठ चाटत राहणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, उकाडा नसताना धाप, पोटाखाली घेतलेली शेपूट. आणि एक खूण घरातले हमखास चुकीची वाचतात. कुत्रा पुतळ्यासारखा थिजून उभा राहतो, आणि घरचे म्हणतात, "बघा, आता सवय झाली." सवय झालेला कुत्रा इकडेतिकडे बघतो, हुंगतो, दिलेला खाऊ खातो. थिजलेला कुत्रा तोंडासमोर चिकन धरलं तरी खात नाही. त्याने फक्त सुटकेची आशा सोडलेली असते, आणि असा कुत्रा एखाद्या दिवशी काही न सांगता चावतो.

सगळ्यात आधी: आज आंघोळ हवी आहे का?

या तपासणीला पैसा लागत नाही, म्हणून पहिली. त्वचा निरोगी असेल तर लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांना महिन्या-दीड महिन्यातून एक आंघोळ पुरते. दर रविवारी साबण लावला की त्वचेचं तेल जातं, खाज सुटते, खाज म्हणजे अस्वच्छता असं समजून पुन्हा आंघोळ, असं चक्र सुरू होतं. रोजचा ब्रश आणि फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पाय-पोट पुसणं, यावर बरेच दिवस निघतात. घाबरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आंघोळींची संख्या कमी करणं हासुद्धा उपायच आहे.

फरशी

माझ्या अनुभवात सर्वाधिक कुत्रे इथेच अडकलेले असतात. ओल्या, साबणाच्या टाइलवर आपण स्लिपर घालून उभे असतो. कुत्र्याच्या पंजाच्या गाद्या गुळगुळीत फरशीवर ओल्या झाल्या की पकड जाते, आणि जेवढं वजन जास्त तेवढे पाय बाजूला फाकतात. एकदा असा फाकून आपटलेला कुत्रा त्या फरशीवर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

बाजारात मिळणारी छोटी बाथमॅट उपयोगाची नाही, तिच्यावर दोनच पाय मावतात. चारही पाय मावून त्याला वळता आलं पाहिजे, म्हणजे साधारण चार फूट बाय अडीच फूट. खालून रबर असलेली मोठी चटई घ्या. खर्च करायचा नसेल तर धान्याचं गोणपाट पाण्यात भिजवून, पिळून, दोन पदरी अंथरा. भिजलेला ज्यूट टाइलला धरून बसतो आणि वर नखं रुततात. जुनी योगा मॅट चालते, पण शांपू सांडला की तीच घसरगुंडी होते.

दिवाणखान्यापासून बाथरूमपर्यंतचा रस्ताही बघा. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवरून ओढत आणलेला कुत्रा दारात पोचतो तेव्हाच धास्तावलेला असतो. सतरंजीचा एक पट्टा टाकला तरी पुरे. आणि नखं तपासा. उभा असताना नखं जमिनीला टेकत असतील तर गाद्यांवर नीट वजन येत नाही. गोल्डनच्या बोटांमध्ये केस वाढतात, तेही गादीच्या पातळीला कापायचे.

खात्री कशी करायची? बाथरूम कोरडं, नळ बंद, फक्त चटई अंथरलेली. आत खाऊ टाका. आपणहून आला आणि रमला, तर निम्मं काम झालं.

ज्यांच्याकडे टब आहे त्यांच्यासाठी: परदेशातल्या मराठी घरांतून हा प्रश्न येतो, आता आपल्याकडच्या मोठ्या फ्लॅटमध्येही. टबाचा तळ टाइलपेक्षा निसरडा असतो आणि आत जायला कठडा ओलांडावा लागतो. मोठ्या कुत्र्याला काखेत धरून उचलू नका, खांदे आणि पाठ दोन्ही दुखावतात. एक हात छातीखाली, एक मांड्यांच्या मागून, आणि शक्यतो दोन माणसं. त्याहून बरं म्हणजे बाहेर एक भक्कम पाट ठेवून त्याला स्वतः चढायला शिकवणं. वयस्क कुत्र्यासाठी टबाचा हट्टच सोडा, उभ्या शॉवरची जागा वापरा.

वास आणि आवाज

ज्या सकाळी आंघोळ, त्याच सकाळी बाई फिनेल मारून जातात किंवा टॉयलेटमध्ये अॅसिड टाकलेलं असतं. आपल्यालाच तो वास नाकात झोंबतो, तर जमिनीजवळ नाक असलेल्या प्राण्याचं काय? आदल्या दिवशी स्वच्छता करा आणि सकाळी साध्या पाण्याने फरशी धुऊन घ्या. फरशीवरचं रसायन पंजाला लागतं आणि नंतर चाटून पोटात जातं, हेही आहेच.

आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. त्यात चारी बाजूंनी टाइल्स, म्हणजे प्रत्येक आवाज घुमतो. एक्झॉस्ट बंद करा. स्टीलची बादली-मग बाजूला ठेवून प्लास्टिकची घ्या. बादल्या तो बाहेर असतानाच भरून ठेवा, मोठ्या कुत्र्याला तीन तरी लागतात. हँडशॉवर वापरत असाल तर त्याचं तोंड अंगाला टेकवून धरा. फवाऱ्याचा आवाज जवळजवळ बंद होतो आणि दाट केसांच्या मुळापर्यंत पाणीही पोचतं.

गिझर: फुकट तपासणी, पण गंभीर

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे प्रश्न फक्त भीतीचा नाही.

गिझरची कॉइल खराब झाली आणि अर्थिंग धड नसेल, तर पाण्यातून किंवा धातूच्या नळातून थोडा विद्युतप्रवाह येऊ शकतो. पायात रबरी स्लिपर असल्यामुळे आपल्याला तो जाणवतोच असं नाही. कुत्रा मात्र चार ओल्या, अनवाणी पायांवर उभा असतो, गळ्यात बऱ्याचदा लोखंडी साखळी, आणि ती नळाला लागलेली. नळाजवळ जायला ठाम नकार, पाणी लागताच केकाटणं, ओल्या फरशीवर पाय उचलत राहणं ही लक्षणं असतील तर 'नाटकं करतो' म्हणण्याआधी हा संशय घ्या.

गरम पाणी बादलीत काढा, गिझरचं बटण बंद करा, प्लग काढता येत असेल तर काढा, आणि मगच त्याला आत आणा. आता तो वेगळा वागत असेल, तर त्या बाथरूमचा वापर माणसांसाठीही थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग आणि कॉइल दोन्ही तपासायला सांगा, आणि मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) आहे का ते विचारा. नळाला टेस्टर लावून दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. दिवा लागला तर मात्र तिथेच थांबा.

इन्स्टंट गिझर चालू ठेवून थेट हँडशॉवरने आंघोळ घालू नका. बादलीत हीटरचा रॉड असेल तर तो बंद करून, काढून, बाहेर ठेवल्याशिवाय कुत्र्याला दारातही आणू नका. एका झटक्यात बादली आडवी होते.

गॅस गिझर असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. कुत्रा पळू नये म्हणून दार-खिडकी गच्च लावून अर्धा तास आत गॅस गिझर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. या वायूने बंद बाथरूममध्ये माणसं दगावलेली आहेत. पाणी आधी काढा, गिझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा.

पाणी कसं आणि कुठून

कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. पाणी कोमट हवं, तान्ह्या बाळाला घालतो तेवढं. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून ना गरम वाटावं ना गार. आपल्याला हिवाळ्यात जे कढत पाणी सुखाचं वाटतं ते त्याला भाजतं. उलट 'त्याला काय, केस आहेत' म्हणून गार पाणी घालणंही बरं नव्हे. लॅबसारख्या कुत्र्यांमध्ये गार पाण्यात पोहल्यावर किंवा भिजल्यावर कधीकधी शेपटीचे स्नायू दुखावतात, शेपूट मुळापासून लुळी लोंबते आणि हात लावू देत नाही. बहुतेक वेळा काही दिवसांत बरं होतं, पण ते दुखणं आणि ती आंघोळ यांची गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसते. अशी शेपूट दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात मागच्या पंजापासून. मग मांड्या, पाठ, छाती. डोकं शेवटी, आणि तेही ओल्या फडक्याने. डोक्यावर मग ओतायचा नाही, कधीच नाही. कानात पाणी जाऊ नये म्हणून कापसाचा मोठा बोळा सैल बसवा आणि नंतर आठवणीने काढा.

शांपू कुत्र्यांचाच. त्यांच्या त्वचेचा पीएच आपल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून आपला शांपू किंवा अंगाचा साबण त्यांची त्वचा कोरडी करतो. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण टाकायची जी आपल्याकडे सवय आहे ती सोडा. ती द्रव्यं त्वचेला झोंबतात, चाटली तर अपायही करतात. शांपू आधीच मगभर पाण्यात पातळ करून ठेवला की चटकन पसरतो आणि चटकन निघतो. आंघोळीआधी कोरड्या अंगावर ब्रश फिरवा, कारण गुंतलेला आतला थर भिजला की घट्ट होतो, ओढला जातो आणि दुखतो.

धरणारी माणसं

नळाला साखळी बांधून आंघोळ घातलेले कुत्रे मला लांबूनच ओळखू येतात. पाय घसरला की गळा आवळला जातो, आणि भीतीचं कारण एकाऐवजी दोन होतात. चोक चेन नको. छातीचा हार्नेस घाला, दोरी एका माणसाच्या हातात सैल, दुसऱ्याने आंघोळ घालायची. तिसरं माणूस बाहेर. मुलंही बाहेर. दार किलकिलं असू दे, सुटकेची वाट दिसली की बरेच कुत्रे उलट शांत राहतात.

त्याच्या नाकाच्या उंचीवर टाइलला घट्ट दही फासा. चाटण्यात तोंड गुंततं आणि चाटल्याने कुत्रा निवळतोही. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते वाचा, तो गोडवा कुत्र्यांना विषारी आहे. जेवणानंतर लगेच आंघोळ नको. एकतर पोट भरलेल्याला खाऊचं आकर्षण नसतं, आणि रुंद छातीच्या मोठ्या जातींना भरल्या पोटी धडपड करू देणं धोक्याचं.

दुखणं

इथवरचं सगळं केलं आणि फरक नाही, किंवा वर्षानुवर्षं नीट आंघोळ करणारा कुत्रा अचानक घाबरायला लागला, तर शिकवणी नंतर, डॉक्टर आधी. कान हलवत राहणं, कानातून आंबूस वास, तपकिरी मळ ही कानाच्या संसर्गाची चिन्हं, आणि अशा कानावर पाणी म्हणजे कळ. सकाळी उठताना त्रास, जिना चढताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकणं, गाडीत उडी मारायला कां-कूं करणं ही खुब्याच्या दुखण्याची. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा आनुवंशिकतेने सैल असण्याचं प्रमाण बरंच आहे. सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याची नजरही बघून घ्या. अंधाऱ्या बाथरूममध्ये पांढरा दिवा लावल्यावर फरक पडला तर तोही धागा.

नव्याने ओळख

कारण सापडलं, दूर केलं, तरी जुनी भीती उरते. ती काढायला आठवडे लागतात, आणि या काळात बाथरूममध्ये खरी आंघोळ घालायचीच नाही. मळला तर ओलं फडकं, किंवा दुसरी जागा: गच्ची, अंगण, सोसायटीने हरकत घेतली नाही तर पार्किंग. उन्हाळ्यात गच्चीवर एक धोका आहे. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी आणि काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी चटका देण्याइतकं तापतं, ते सोडून द्या. पावसाळ्यात वाळवायची सोय नसेल तर आंघोळ पुढे ढकला, आतला थर ओला राहिला की त्वचा चिघळते.

रोज दोन-तीन मिनिटं. आधी जेवणाचं भांडं बाथरूमच्या दाराबाहेर. निर्धास्त खायला लागला की उंबरठ्याच्या आत, मग चटईवर. मग चटईवर खात असताना रिकामा मग पाठीला लावायचा. मग ओलं फडकं. मग एका मागच्या पायावर अर्धा मग कोमट पाणी आणि लगेच सुट्टी. प्रत्येक पायरीची परीक्षा एकच: तो खातोय का? खाणं थांबवलं तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे या.

घरातलं कुणीतरी म्हणणारच, "एवढं कसलं कौतुक, धरा आणि घाला दोन मग." त्यांना सांगा की एकदा बळजबरी झाली की पुन्हा दाराबाहेरच्या भांड्यापासून सुरुवात आहे.

कुठे थांबायचं

गुरगुरला, की थांबा. पाणी बंद, दोरी सैल, दार उघडं. अंगावर साबण असेल तर बाहेर ओल्या फडक्याने पुसून काढा. गुरगुरण्याबद्दल रागावू नका. ती सूचना आहे, आणि ती द्यायला बंदी केली तर पुढच्या वेळी थेट दात लागतील. हवेत चावा घेतला, अंग ताठ करून एकटक बघायला लागला, किंवा भीतीने लघवी झाली, तर घरचे प्रयोग त्या दिवसापासून बंद. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, धाप थांबत नसेल, पाय लटपटत असतील, तर त्याच क्षणी डॉक्टर. बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर थोडाही वेळ घालवू नका.

दात लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांकडे जा. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, म्हणून घरी बसून ठरवू नका.

माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका, शेजारच्यांनी त्यांच्या कुत्र्याला दिलेलीही नको. भीती कमी करणारी औषधं आहेत, पण कोणतं, किती आणि किती तास आधी हे वजन, वय, हृदय बघून डॉक्टरच ठरवतात. काही कुत्र्यांना दवाखान्यात गुंगी देऊनच स्वच्छ करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. मुसकं लागणार असेल तर जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापता येतं, आणि त्याचीही आधी खाऊ देऊन सवय करा. कापडी पट्टीने तोंड बांधलेला कुत्रा धापू शकत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर टाकू शकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना बाथरूमच्या दारातल्या वागण्याचा मोबाइलवर व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात तो वेगळाच वागेल. आणि ग्रूमर बोलावणार असाल तर, माझ्यासकट कुणालाही, आधी एकच विचारा: "हा गुरगुरला तर तुम्ही काय करता?" उत्तर "थांबते" असं नसेल, किंवा दार लावून तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं, तर पट्टा हातात देऊ नका.